वरळीचा ऑस्ट्रेलियन

वरळीच्या कोळीवाड्यात हरेश्वरला त्याच्या नावानं हाक मारणारी माणसं चारपाचच उरली होती. बाकीचे त्याला ऑस्ट्रेलियन म्हणत.

त्या दिवसांत मुंबईत ऑस्ट्रेलियन म्हटलं की घोडा समजायचा. लांबच्या मुलखातून बोटीनं येणारा, हाडापेरानं मोठा, रुंद छातीचा. गिरगावात घोड्यांची ट्राम थांबली की बघे एकमेकांना सांगत, हा डावा देशी, उजवा ऑस्ट्रेलियन. "जोर हाय, पन भरवसा नाय," असं कोचमन त्याच्याबद्दल बोलत. लालबागच्या गिरण्यांत जे चार अक्षरं शिकलेले कारकून होते त्यांच्या लेखी ऑस्ट्रेलियन म्हणजे साहेबच, पण विलायतेहून न आलेला, म्हणून जरा हलका. वरळीत हा शब्द आला तो हरेश्वरच्या पाठीवर बसून, आणि तिथं त्याचा अर्थ झाला, बायको टाकून गेलेला आणि आपल्या पायांनी परत आलेला पुरुष. असा माणूस कोळीवाड्यानं आधी पाहिला नव्हता. दर्यात गेलेला एकतर चार दिवसांत येतो, नाहीतर येत नाही. तीन वर्षांनी, लोकरीचा कोट घालून कोणी येत नाही.

गेला तेव्हा त्याचं होडीच्या नाखव्याशी भांडण झालं होतं. होडीवरून उतरला तो थेट बंदरावर गेला आणि एका आगबोटीवर खलाशी झाला. ती बोट घोडे आणणाऱ्या व्यापाऱ्याची होती. घोड्यांच्या मागं राहायला ठेवलेले साईस बोट लागून आडवे पडत, आणि घोड्यांना तर दिवसरात्र उभ्यानंच आणायचं असतं. त्यांना पाणी पाजायला, त्यांच्या पोटाखालचे पट्टे सैल-घट्ट करायला पायांवर उभा राहील असा माणूस लागतो. कोळ्याला बोट लागत नाही. मुकादमानं हे पाहिलं आणि हरेश्वरला खालच्या मजल्यावर घोड्यांत धाडलं. एवढी हकीकत दुसऱ्या एका खलाशानं वरळीला आणून पोचवली. त्यानंतर तीन वर्षं काही नाही.

हरेश्वरची बायको गुणवंती या तीन वर्षांत विधवा नव्हती आणि सवाष्णही नव्हती. माणूस मेल्याची बातमी नव्हती, म्हणून बांगड्या राहिल्या. घरात सासू गंगुबाई आणि मुलगी कालिंदी. बाप गेला तेव्हा कालिंदी चार वर्षांची होती. गुणवंती रोज डोक्यावर पाटी घेऊन वरळीहून लालबाग-परळच्या चाळींत जाई, ओरडून ओरडून मासे विके आणि संध्याकाळी परत येऊन चूल पेटवी. माशाचा कल्ला उघडून तो कधीचा आहे ते सांगायची सवय तिला माणसांच्या बाबतीतही लागली होती. कोणी काही बोललं की ती आधी मनातल्या मनात त्याचा कल्ला उघडून बघे.

१८९४ सालच्या आषाढात, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असताना, एका दुपारी हरेश्वर दारात येऊन उभा राहिला. गंगुबाईनं त्याला ओळखलं आणि ती रडायला लागली. गुणवंती रडली नाही. ती सुक्या बोंबलांची जुडी बांधत होती, ती तिनं पुरी बांधली.

"कंदी उतरलास?" तिनं विचारलं.

"परवा."

"बोटीवरनं?"

"मंग काय उडत येनार?"

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. दीड महिना दर्यावरून आलेल्या माणसाच्या ओठांना मीठ चढलेलं असतं, नाकाचं कातडं सोललेलं असतं. याचं नाक गुळगुळीत होतं. अंगाला वास मिठाचा नव्हता, ओल्या गवताचा आणि घोड्याच्या घामाचा होता. एवढं तिनं मनात बाजूला ठेवून दिलं.

त्याला घरात घ्यायचा की नाही ते कोळीवाड्याची जमात ठरवणार होती. नारळी पुनवेच्या आठ दिवस आधी देवळापुढं जमात बसे आणि कोणत्या होडीवर कोण जाणार ते तिथंच ठरे. तोपर्यंत हरेश्वरनं ओट्यावर जेवायचं, ओट्यावर झोपायचं, असं शिवा पाटलानं सांगितलं. शिवा पाटील हा जमातीचा पाटील, वयानं साठीचा, बोलताना समोरच्याकडे न बघणारा. तो दुसऱ्या दिवशी गुणवंतीच्या पाटीशी येऊन थांबला.

"गुणवंते, जमात तुना एकच इचारनार. तिकडं त्याचा दुसरा संसार हाय का? बाकी काय खाल्लं, कोनाच्या हातचं खाल्लं, त्याला दंड हाय, तो भरला की झालं. पन बाई असंल तर त्याला होडी नाय आन घर नाय."

"मना काय ठावं? मी गेल्ते का तिकडं?"

"तुझ्या ओट्यावर हाय तो. बघ. कोलीन माशाचं पोट बघते तसं बघ." आणि जाता जाता म्हणाला, "आज लपवलंस आन उद्या बाहेर आलं, तर मंग बोल तुझ्यावर येल. तुझ्या पोरीवर पन."

पोरीचं त्यानं उगीच म्हटलं नव्हतं. माहीमच्या एका घरात कालिंदीच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. त्या काळी सात वर्षांच्या मुलीचं बोलणं म्हणजे फार लवकर नव्हे. बापानं परमुलखात दुसरं घर केलंय असं ठरलं तर ते बोलणं तिथंच संपणार होतं. आणि नाही म्हणून सांगितलं आणि वर्षादोन वर्षांनी कुठली तरी बातमी बोटीनं आली, तर मांडवातून पोर परत येणार होती. म्हणजे गुणवंतीला नुसतं बोलायचं नव्हतं, खरं बोलायचं होतं, आणि खरं काय ते ओट्यावर बसून तंबाखू मळत होतं.

तिनं आडून विचारून पाहिलं. तिकडं काय खायचास? भाकरी कोण करायचं? तुझी कापडं कोण धुवायचं? हरेश्वर उत्तरं द्यायचा, पण मागितली तेवढीच. "पाव." "पावाला भाकरी कसली?" "मीच." घोड्यांबद्दल विचारलं की मात्र तो मोकळा व्हायचा. अमका घोडा कसा वादळात गुडघ्यावर आला आणि त्याला पोटाखालून पट्टा घालून कसा उभा केला, मेलेला घोडा दर्यात टाकताना बाकीचे कसे माना फिरवतात. गंगुबाई तोंडाला पदर लावून ऐकत राही. गुणवंतीला वाटे, माणसांचं सोडून हा जनावरांचंच का सांगतो? ज्याच्याबद्दल बोलायचं नसतं त्याच्या शेजारचं माणूस बोलतं.

सहाव्या-सातव्या दिवशी सकाळी ती पाटी भरत होती. गंगुबाईचे हात कापत म्हणून कालिंदीचे केस गुणवंतीच कसेबसे गुंडाळून देई. त्या दिवशी पोर केस मोकळे सोडून ओट्यावर बसली होती. हरेश्वर म्हणाला, "ये गो, मी घालतो."

पोरगी हसली. तो तिच्यामागं उभा राहिला. बसला नाही, उभाच. बोटं तोंडात घालून ओली केली. टाळूपाशी तीन बारीक बटा घेतल्या आणि विणत खाली येताना दोन्ही बाजूंचे थोडे थोडे केस आत घेत गेला. वेणी डोक्याला चिकटून, माशाच्या कण्यासारखी सरळ मधोमध उतरत गेली. शेवटी टोक उलटं दुमडून आत खोचलं आणि दोऱ्यानं दोन फेऱ्यांत बांधून टाकलं. कालिंदीनं एकदाही हाय-हुय केलं नाही. सगळं व्हायला विडी ओढायला लागतो तेवढा वेळ लागला नसेल.

गुणवंतीच्या हातातला बोंबील हातातच राहिला. जाळं विणणारे हात तिला ठाऊक होते. हे ते नव्हते. असली वेणी कोळीवाड्यात कोणी घालत नसे, बाया अंबाडा घालत. पुरुषाला पोरीची वेणी घालायला सहज येत नाही. ती शिकावी लागते, आणि रोज घालावी लागते. कोणीतरी समोर उभं राहिलं असेल. एकदा नाही, शंभरदा.

"कोनी शिकवली?" तिनं विचारलं.

"शिकलो," हरेश्वर म्हणाला आणि दोरा दातानं तोडला.

त्या दिवशी तिनं कालिंदीला बरोबर घेतलं. लालबागला राधाबाईंच्या दारात पाटी उतरवली. राधाबाईंचे यजमान तुळशीदासभाऊ गिरणीत कारकून होते. घर मासे खाणाऱ्यांचं, पण घेताना एकेक काडी उलटी करून बघणारं. राधाबाईंनी बोंबील बघायच्या आधी पोरीचं डोकं पाहिलं.

"अगो बाई! ही कुठली वेणी? ही तर मडमांच्या पोरी घालतात तशी."

"तिच्या बापसानं घातली."

"त्या ऑस्ट्रेलियननं?" राधाबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली आणि आवाज उतरवला. "गुणवंती, माझं ऐक. पुरुष मेला स्वतःच्या डोक्याला तेल लावत नाही. ह्याला वेणी येते म्हणजे तिकडं त्याची पोर आहे. एखादी गोरी नाहीतर अर्धगोरी. सांगून ठेवते."

"माझ्या बी मनात तेच हाय, राधाबाय."

"मग विचार ना त्याला तोंडावर!"

"तोंडावर इचारलेलं तोंडातच ऱ्हातं."

तुळशीदासभाऊ आत जेवायला बसले होते. जेवताना बोलायचं नाही असा त्यांचा नेम होता. त्यांनी हात धुतला आणि बाहेर आले.

"ऑस्ट्रेलियन म्हणजे तिथला राहणारा," ते म्हणाले. "तुझा नवरा ऑस्ट्रेलियन नव्हे. ते शब्द चुकीचे वापरू नयेत. घोडासुद्धा तिथं जन्मला म्हणून ऑस्ट्रेलियन."

"तिथं जलमलेली पोर पन मंग ऑस्ट्रेलियनच ना, भाऊ?" गुणवंतीनं विचारलं.

भाऊंना हो म्हणावं लागलं. राधाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं ते, तुम्ही आतच बरे होतात, अशा नजरेनं. भाऊंनी सावरून घ्यायला म्हणून सांगितलं की भायखळ्याला घोड्यांच्या व्यापाऱ्यांचे तबेले आहेत, बोटीवर जाणारी-येणारी माणसं तिथं एकमेकांना ओळखतात, काही कळायचं तर तिथं कळेल. गुणवंतीला एवढंच हवं होतं. त्या दिवसापासून ऑस्ट्रेलियन म्हटलं की तिच्यापुढं घोडाही येईना आणि साहेबही. एक मुलगी येई, कालिंदीएवढी, पाठमोरी, डोक्याला चिकटलेली वेणी घातलेली.

जमातीला तीन दिवस राहिले असताना ती पाटी घेऊन लालबागला गेली, पण तिथं थांबली नाही. कालिंदीला राधाबाईंकडे बसवलं आणि भायखळ्याचा रस्ता धरला. तबेला शोधावा लागला नाही. वास येत होता, आणि हा वास ती ओळखत होती.

मोठं फाटक, आत दोन्ही बाजूंना घोडे बांधायची ठाणं, बहुतेक रिकामी. चारसहा घोडे तेवढे उभे होते. ती आत शिरली आणि पाटीतल्या सुक्या बोंबलांचा वास पोचताच पहिल्या घोड्यानं मान उडवून लाथ झाडली. दुसऱ्यानं फुरफुर केली.

"ए मावशी! ती पाटी भायेर! पार भायेर!" एक म्हातारा साईस हातात बादली घेऊन धावत आला. "येड लागलं का? जनावरं दावं तोडत्याल!"

गुणवंतीनं पाटी फाटकाबाहेर ठेवली आणि परत आली. म्हाताऱ्याचं नाव लहू. साताऱ्याकडचा, पंधरा वर्षं या तबेल्यात होता.

"मासं नगं आमाला," तो म्हणाला.

"इकायला नाय आलं. एक मानूस इचारायचाय. कोली हाय. बोटीवरनं घोडे आनायचा. हरेश्वर."

"दर्या?" लहू हसला. पुढचे दोन दात नव्हते. "आमी त्येला दर्या म्हनायचो. तू कोन त्येची?"

"भैन," गुणवंती म्हणाली. बायको म्हटलं तर माणसं सांभाळून बोलतात.

"लई गुनी मानूस. हात तर असला, की बास." लहूनं बादली ठेवली. "ती घोडी बघ. आज गिऱ्हाईक येनाराय म्हनून सजवलीया. माझ्या हातची हाय, दर्याची याच्या धापट ब्येस असायची. त्यो तिकडंच शिकून आला. तिकडं बाजारात घोडा असाच उभा करत्यात."

गुणवंती चार पावलं पुढं गेली. तांबूस, उंच घोडी तिच्याकडे पाठ करून उभी होती. शेपटीच्या बुडापासून तीन बटा घेतलेल्या, दोन्ही कडांचे केस थोडे थोडे आत ओढत आणलेले, वेणी मधोमध घट्ट चिकटून उतरलेली. टोक उलटं दुमडून आत खोचलेलं. दोऱ्याच्या दोन फेऱ्या.

ती बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं. इतकं की तिनं खांबाला हात धरला. कालिंदीच्या डोक्यावर शेपटी! आणि राधाबाई म्हणतात, मडमांच्या पोरी घालतात!

"काय झालं गं?"

"काय नाय. तुमी असे उभ्यानंच घालता का?"

"मंग? लाथ बसंल न्हवं. बसून कोन घालतंय?"

तिच्या मनावरचा दगड उतरला. पण ती कोळीण होती. एक कल्ला लाल निघाला म्हणून पाटीतला सगळा माल ताजा धरत नाही.

"तिकडं त्याचं कोनी हाय का? बाई, पोर?"

"त्येचं? न्हाय बा. मानसात कुटं रमतोय त्यो? बोटीवरचेच सांगत, बाकी समदे बंदरात उतरून दारू प्याया जात, ह्यो घोड्यांत बसून. हितंबी तसंच. आमी चार जनं जेवाय बसलो तरी ह्यो ताट घिऊन तकडं, त्या तिसऱ्या ठानात."

"हितं?" गुणवंतीनं विचारलं. "हितं कंदी होता?"

"अगं, हितंच तर होता. कार्तिकात बोट आली, तवापासनं. मालकानं ठिवून घेतला. आता पावसाळ्यात घोडी संपली, मालकानं मानसं कमी केली. दिवाळीमागं बोटी लागल्या की या म्हनला. आषाढात गेला बग. घरी जातो म्हनला. मी म्हनलं, घर हाय व्हय रं तुला?"

लहू आणखी काहीबाही बोलत होता. गुणवंती तिसऱ्या ठाणाकडे बघत होती. खाली गवत पसरलेलं. भिंतीला एक खुंटी. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष. माघात गंगुबाईला ताप आला तेव्हा ती सासूला पाठीवर घेऊन वैद्याकडे गेली होती. चैत्रात कालिंदीला गोवर निघाला आणि नऊ दिवस ती धंद्याला गेली नव्हती. तेव्हा हा या खुंटीला कोट अडकवून इथं झोपत होता. लालबागहून इथं यायला तिला आज दीड घटकासुद्धा नीट लागली नव्हती. आठ महिने रोज ती एवढ्या अंतरावर ओरडत फिरत होती. वारा या बाजूचा असता तर तिचा आवाज त्याला ऐकू आला असता.

बाई नव्हती. बाई असती तर तिला शिव्या देता आल्या असत्या.

तिनं फाटकाबाहेर येऊन पाटी उचलली. लहूनं मागून ओरडून सांगितलं, "दर्याला सांग, लहूनं याद केली म्हनून! दिवाळीला वाट बगतोय!"

"सांगते," ती म्हणाली.

घरी तिनं काही सांगितलं नाही. हरेश्वरला ओट्यावर ताट वाढलं. तो जेवताना ती दाराआडून बघत राहिली. तिला आता एकच प्रश्न होता, आणि तो शिवा पाटलाच्या प्रश्नाहून वेगळा होता. हा आलाय, का नुसता पावसाळा काढायला टेकलाय? जमातीत आठ महिन्यांची गोष्ट सांगावी तर लोक बाईपेक्षाही वाईट अर्थ काढणार. बायकोला एवढा कंटाळलेला, की घोड्यात झोपला. ते हसू जन्मभर तिच्या मागं लागणार होतं, आणि माहीमपर्यंत पोचणार होतं. न सांगावी, तर दिवाळी झाली की ओटा रिकामा.

जमात बसली ती सकाळची. पुरुष पुढं, बाया मागं कडेनं. मधे नारळ ठेवलेला. हरेश्वर त्या दिवशी कोट न घालता आला होता. दोघातिघांचे होड्यांचे वाद झाले, मग शिवा पाटलानं त्याला उभं केलं. दंड झाला, तो त्यानं कबूल केला.

"आता गुणवंती," पाटील जमिनीकडे बघत म्हणाला. "तिकडं याचा दुसरा संसार हाय? सांग."

"नाय," गुणवंती म्हणाली.

"कशावरनं?"

"मी बघून आले."

माणसांत कुजबुज झाली. "बघून आले म्हंजे? ऑस्ट्रेलियाला जाऊन आलीस काय गो?" मागून कोणीतरी म्हणालं आणि हसणं पसरलं.

"जिथं बघायचं तिथं बघितलं. बाई नाय, पोर नाय. खोटं निघालं तर मना गावाबाहेर काढा." तिनं पदर खोचला. "पन माझं एक मागनं हाय. त्याला होडीवर घ्या. त्यानं नारल हातात घेऊन दर्याची आन घ्यायची, शिमग्यापर्यंत होडी सोडनार नाय. दिवाळी झाल्यावर तर एक दिस बी चुकायचा नाय."

शिवा पाटलानं पहिल्यांदाच मान वर केली. "सगलेच शिमग्यापर्यंत जातात. त्यात आन कसली?"

"सगल्यांची नाय मागत. याची मागते."

"आजारी पडला तर?"

"तर मी येऊन सांगेन. त्यानं नाय सांगायचं."

"लगाम घातला गो ऑस्ट्रेलियनला!" कडेच्या बायांतून एक ओरडली आणि या वेळी गंगुबाईसुद्धा हसली. पुरुषांना यात हरकत घेण्यासारखं काही दिसेना. बायको नवऱ्याला कामाला जुंपते आहे, बरंच आहे.

हरेश्वर हसला नाही. तो गुणवंतीकडे बघत होता. दिवाळी हा शब्द तिनं उच्चारला तेव्हाच त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं नारळ उचलला. बराच वेळ तो नुसता हातात धरून उभा राहिला. पाटलानं खाकरून दाखवलं. मग त्यानं आण घेतली.

त्या दुपारी पहिल्यांदा त्याचं ताट घरात मांडलं. गंगुबाई कालिंदीला घेऊन देवळात नारळ फोडायला गेली होती.

"कोनी सांगितलं?" हरेश्वरनं विचारलं.

"लहूनं याद केलीय."

तो भाताकडे बघत राहिला.

"तिकडनं हितं यायला किती दिस लागतात?" गुणवंतीनं विचारलं.

"दीड महिना."

"आन भायखल्यावरनं वरलीला?"

त्यानं पाण्याचा तांब्या ओढून घेतला.

"आठ महिने लागतात," ती म्हणाली. "मना ठावं नव्हतं. आता कललं."

"रोज येनार होतो," हरेश्वर शेवटी म्हणाला. "पयल्या दिवशी वाटलं, उद्या जाऊ. मंग वाटलं, इतके दिस हितं ऱ्हाऊन गेलो नाय हे कललं तर काय तोंड दाखवू. मंग आनखी दिस झाले. घोडा काय इचारत नाय गो. पानी दिलं की झालं त्याचं."

"आन मालकानं काढलं नसतं तर?"

याचं उत्तर त्यानं दिलं असतं तरी तिनं ते धरलं नसतं. तो सांगत होता ते खरं असेल. माणसाचं असं होतं, हे तिला समजत नव्हतं असं नाही. तिलाही चार-दोन संध्याकाळी लालबागहून वरळीकडे वळताना पाय जड झाले होते. पण ती वळली होती. तिनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला, मागितला नसताना, आणि समोर बसून तो संपेपर्यंत उठली नाही.

दिवाळी आली, गेली. बंदराला बोटी लागल्या. भायखळ्याचे तबेले भरले असतील, ते तिला राधाबाईंच्या चाळीसमोरून हाकत नेलेल्या घोड्यांवरून कळलं. लाल, काळे, रुंद छातीचे. "बघ, तुझ्या नवऱ्याचे भाऊबंद चालले," राधाबाई म्हणाल्या. गुणवंतीनं त्या दिवशी उरलेला माल कसातरी विकला आणि निम्म्या वेळात, जवळजवळ धावत वरळी गाठली. घरात न शिरता, पाटी डोक्यावरच, ती पुळणीवर जाऊन उभी राहिली. होडी अजून दर्यात होती. ती टेकेपर्यंत ती जागची हलली नाही. नाखवा उतरला, एकामागून एक खलाशी उतरले. सहावा हरेश्वर. त्यानं तिला पाहिलं आणि जाळ्याचं टोक खांद्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशीही ती उभी होती. तिसऱ्या दिवशीही. शिमग्यापर्यंत तिचा एक दिवस चुकला नाही, आणि त्याचाही. पुढच्या वर्षी आणेची गरज राहिली नव्हती, तरी दिवाळीनंतर ती पुळणीवर दिसू लागली. त्याच्या पुढच्या वर्षीही. कालिंदी माहीमला नांदायला गेली, गंगुबाई गेली, पण हे राहिलं. हरेश्वरनं घोड्याचं नाव काढलं नाही. त्याचा कोट उंदरांनी कुरतडला. लोक अजून त्याला ऑस्ट्रेलियनच म्हणत, पण आता तसं म्हणताना त्यांच्या मनात काही नसे, नुसतं नाव झालं होतं. गुणवंतीनं मात्र तबेला पाहिल्यापासून तो शब्द कधी तोंडातून काढला नाही. तिला त्याचा तबेल्यातला अर्थ ठाऊक होता, शेजारी असून न येणारा, आणि तो तिला कोणाला सांगायचा नव्हता.

कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या नव्या सुनांना पुळणीवर आणून दाखवत. "बघा गो, अशी माया असावी. थंडी नाय बघत, वारा नाय बघत, घोवाची होडी दिसेपर्यंत उभी ऱ्हाते." सुना मान हलवत. गुणवंतीच्या कानावर ते पडे. तिनं ते कधी खोडून काढलं नाही. होडी टेकली, सहा डोकी मोजून झाली, की ती पाटी सावरून घरी जाई आणि चूल पेटवी.